साहेबांच्या होडीचा रंग

रामप्रसादसाहेब पहिल्यांदा आमच्या शेडवर आले, तेव्हा मी एका टेम्पोच्या चेपलेल्या दाराला लांबी, म्हणजे पुट्टी, भरत होते. हात कोपरापर्यंत राखाडी झालेले, डोक्याला फडकं बांधलेलं. त्यांनी गाडी उभी केली, काच खाली घेतली, मला एकदा बघितलं आणि माझ्या पलीकडं बघत विचारलं, "मिस्त्री नाहीत का?"

"हाय की. बोला."

"मिस्त्री म्हटलं मी."

जिंतूरहून येलदरीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड आहे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे ठोकलं जाईल ते ठोकून सरळ करायचं आणि रंगवायचं, हा धंदा. पाटीवर नाव आमच्या मालकांचं, भागवत. मालक म्हणजे माझे घरवाले. वीस वर्षं त्यांनी नाकाला नुसता रुमाल बांधून स्प्रे मारला आणि छाती निकामी करून घेतली. परभणीच्या डॉक्टरनं रंगाच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून, सात वर्षं झाली, स्प्रेची गन माझ्या हातात आहे. मालक रस्त्याकडच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात.

साहेब मला ओलांडून त्यांच्याकडं गेले. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं. "तिलाच सांगा साहेब. रंग तीच मारती."

साहेब हसले. चेष्टा चालली आहे असं वाटलं असावं. मग चेष्टा नाही हे कळल्यावर त्यांनी असा चेहरा केला, जणू हॉटेलात बसावं आणि पाण्याच्या गिलासात माशी दिसावी. तरी गाडीची मागची डिकी उघडली. थर्माकोलच्या खाचेत बसवलेली चार फुटांची होडी होती.

खोटं कशाला बोलू, आकार देखणा होता. पुढून धारदार, मागं भरीव, दोन्ही अंगं एकसारखी. फायबरचं नुसतं खोकं साहेबांनी पुण्याहून तयार आणलं होतं आणि आतली मोटर, पंखा, रिमोटचं काम दोन वर्षं बसून स्वतः केलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मालकांना सांगितलं. मी मधे उभी होते.

"हे खेळणं नाही बरं का," साहेब म्हणाले. "गस्तीच्या लाँचची हुबेहूब प्रतिकृती आहे. नाव 'पूर्णा'. पुढच्या रविवारी माझे पुण्याचे मित्र येतायत, सगळे असली मॉडेलं करणारे. येलदरी धरणाच्या पाण्यात सोडणार आहोत. रंग मी दिलाय. वरून फक्त क्लिअर मारायचंय, पारदर्शक थर. काचेसारखं दिसलं पाहिजे. पुण्यात असतो तर हा प्रश्नच आला नसता, पण आता तुमच्या मराठवाड्यात येऊन पडलोय."

ते पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले होते आणि बायकोच्या माहेरचा प्लॉट मिळाला म्हणून जिंतुरात बंगला बांधून राहिले होते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ते 'तुमच्या मराठवाड्यात' ऐकवून झालं होतं.

मी होडी उन्हात नेऊन तिरपी धरली. रंग ब्रशनं दिला होता, खिडक्या-दरवाजांना देतात तो ऑइलपेंट. ब्रशचे ओघळ दिसत होते. जागोजागी मसुराएवढे खड्डे होते, पाण्यावर तेलाचा थेंब पडल्यावर पाणी जसं बाजूला सरतं तसा रंग तिथून सरलेला. साच्यातून खोकं सुटावं म्हणून आत मेण लावतात. ते मेण धुऊन काढलं नाही की वर काहीही मारा, ते धरत नाही.

"साहेब, हे समदं काढावं लागंल."

"काय काढावं लागेल?"

"रंग. खालचं मेण निघालं न्हाई. आन् ऑइलपेंटवर आमचं क्लिअर बसत न्हाई, खालचा रंग उचलून घेतंय. बघू का थिनर लावून? आतल्या काठाला, न दिसंल तिथं."

"बघा," ते म्हणाले. मालकांकडं बघून.

मी चिंधीला थिनर लावलं आणि आतल्या काठावर बोटभर जागेत टेकवलं. मिनिटभरात रंग फुगला, मऊ झाला, बोटाला आला. साहेब एकदम ओरडले, "अहो, डाग पाडलात तुम्ही! थिनर लावल्यावर कुठलाही रंग निघणारच!"

तीच चिंधी मी आठ दिवसांपूर्वी रंगवलेल्या बॉनेटवर घासली. काही झालं नाही. चिंधी त्यांना दाखवली.

"गाडी आणि मॉडेल यात फरक असतो बाई," साहेब म्हणाले. "ते कळायला थोडं शिक्षण लागतं."

होडी परत थर्माकोलात गेली. डिकी आपटली. गाडी धूळ उडवत गेली आणि ती धूळ माझ्या ओल्या लांबीवर येऊन बसली.

"मोठी माणसं आशीच आसतेत," मालक म्हणाले.

"मोठा कशानं हाय त्यो?"

मालकांना खोकला आला. उत्तर द्यायचं नसलं की त्यांना खोकला येतो.

सहाव्या दिवशी, बुधवारी दुपारी, तीच गाडी परत आली. या वेळी काच खाली झाली नाही. साहेब स्वतः उतरले, कुणाकडं न बघता मागं गेले, डिकी उघडली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आगं माय माय माय! समदं वाटूळं झालं गं बाई!"

मी जागची हलले नाही. हे कोण बोललं, असं वाटून मालकांनी मागं वळून बघितलं. पुणं, कंपनी, शिक्षण, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं आणि गंगाखेडच्या बाजूचा अस्सल माणूस आमच्या दारात उभा होता. साहेबांच्याही ते लक्षात आलं. घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे, थोडा प्रॉब्लेम झालाय."

परभणीला काचेची केबिन असलेल्या एका मोठ्या दुकानात ते गेले होते. तिथल्या पोऱ्यांनी गिऱ्हाईक म्हणालं तसं केलं. क्लिअर मारून दहा मिनिटं होत नाहीत तोवर खालचा रंग उठला. तापलेल्या दुधावरची साय बोटानं सरकवावी तशा सुरकुत्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत पडल्या होत्या. ती देखणी वस्तू एखाद्या म्हातारीच्या पायाच्या कातडीसारखी दिसत होती.

"रविवारी लोक येतायत," साहेब म्हणाले. "काहीही करा."

आता ते माझ्याशी बोलत होते.

"करते. पण माज्याकडं शनिवारला द्यायची जीप हाय. रंग काढायला मला येळ न्हाई. त्यो तुमी काढायचा."

"मी?"

"हितं बसून. म्या सांगंल तसं."

"रंग काढायचं केमिकल मिळतं ना? लावलं की निघतो."

"निघतोय. संगं फायबरबी खातंय. घासूनच काढावा लागतोय साहेब. शिक्षण लागत न्हाई त्याला."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं. गरज असलेल्या माणसाचं ऐकून घेणं वेगळं दिसतं. त्यात शरम नसते, नुसती नोंद असते, की नंतर बघून घेऊ.

मी त्यांना पत्र्याचा स्टूल दिला, नाकाला लावायचा मास्क दिला, प्लॅस्टिकची पट्टी आणि घासायचा कागद दिला. सुटलेला रंग आधी पट्टीनं खरवडायचा, मग कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासायचं, बोटानं दाबायचं नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी बोटानं दाबूनच घासलं. तासाभरात खालच्या कण्यावर फायबरचे धागे उघडे पडले. मी कागद हातातून काढून घेतला, ठोकळ्याला गुंडाळला आणि परत दिला. बोलण्यानं ज्याला कळतं त्याच्याशी बोलावं.

रस्त्यानं ओळखीचं कुणी गेलं की ते मास्क खाली करून मोठ्यानं सांगायचे, "स्वतःच करतोय! इथल्या लोकांवर सोपवून चालत नाही!" इथली लोकं म्हणजे मी, तीन हातांवर, जीपचा पत्रा घासत बसलेली.

गुरुवारी दुपारी जीपवाला भुजंग जीप बघायला आला. सोबत त्याची सासू होती, सुलाबाई. पंच्याहत्तरीची, वाळकी, नाकात मोरणी, पायात त्याच्याच जुन्या चपला. लेकीकडं पंधरा दिवस राहायला म्हणून गंगाखेडकडच्या राणीसावरगावहून आली होती. भुजंग जीपभोवती फिरत होता आणि ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. खाली वाकून बघितलं. परत बघितलं.

"आरं, तू कडूबाईचा रामपर्साद न्हवं का?"

साहेबांचा हात थांबला. मास्क नाकावर होता, वर फक्त डोळे दिसत होते. ते डोळे मी बघितले. ओळख पटल्याचं कळायला पूर्ण चेहरा लागत नाही.

"मी सुला. मारुतीच्या पाराजवळची. तुज्या मायसंग एका टोळीत चार साल ऊस तोडलाय म्या. तू एवढुसा व्हतास. फडात पाचटावर निजवायचो तुला. एकदा इंगळी चावली तवा म्या तुला कडंवर घिऊन दवाखान्यापस्तोर पळत गेले व्हते, तुजी माय मागून रडत यायली व्हती." ती हसत होती. "लय मोटा सायेब झालास म्हनं. बरं झालं. कडूबाईनं लय सोसलं रं तुज्यासाटी."

साहेब मास्क न काढता म्हणाले, "तुमची काहीतरी गल्लत होतेय बाई. मी पुण्याचा."

भुजंगनं जीपच्या दारावर फिरवायला उचललेला हात तसाच ठेवला. सुलाबाईचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. तिनं साहेबांच्या हातांकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं, मग पदर डोक्यावर सारखा केला.

"आसंल बाबा," ती म्हणाली. "डोळ्याला कमी दिसायलंय आताशा. माफ कर."

आणि जीपच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. परत त्या बाजूला बघितलं नाही. तिला दिसत नव्हतं असं नाही. जाताना तिनं मालकांच्या शर्टाचं निसटायला आलेलं बटण दहा हातांवरून बघून दाखवलं. तिनं त्याची अब्रू झाकली होती. ज्याला स्वतःची आई झाकून ठेवावीशी वाटते, त्याची.

तोवर मला त्या माणसाचं हसू येत होतं. त्या दुपारनंतर हसूही यायचं बंद झालं.

संध्याकाळी ते गेल्यावर मालक म्हणाले, "येक काम कर. पातळ मार. रविवारपस्तोर चमकंल, सोमवारी सोलून हातात यिल. आशा माणसाला तसंच पायजे."

मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. रंग कडक करणारं हार्डनर थोडं कमी घातलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण माझ्या हातून वाईट काम बाहेर पडावं, एवढी त्या माणसाची लायकी नव्हती. त्याच्यासाठी मी माझा हात कशाला बिघडवू?

शुक्रवारी सकाळी मी होडी भांड्याच्या साबणानं धुतली, वाळवली, मेण काढायच्या पाण्यानं दोन फडकी घेऊन पुसली. एकानं ओलं करायचं, दुसऱ्यानं लगेच कोरडं. साहेबांनी उघडे पाडलेले धागे आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं लांबीनं भरली. मग प्रायमरचे दोन हात. प्रायमर वाळल्यावर वरून काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवला. पाणी सोडत घासलं की उंचावरचा काळा निघून जातो आणि खोलात राहतो. कुठं खड्डा आहे ते होडीच सांगते. चारशे नंबरचा कागद, मग सहाशेचा. डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते तळव्याला लागतं. पुढच्या टोकाजवळ डाव्या अंगाला बोटभर लांबीचा उंचवटा होता, तो काढायला मला अर्धा तास लागला. साहेब म्हणाले, "कशाला एवढं? कुणाला दिसणार आहे?" दोन वर्षं खपून होडी बांधणारा माणूस हे बोलला.

उतरत्या दुपारी पांढरा मारला. शनिवारी सकाळी पाण्याची रेघ आखली, होडी पाण्यात जिथवर बुडते ती. होडी सपाट फळीवर ठेवली, ठोकळ्यावर पेन्सिल बांधून ठोकळा भोवतीनं फिरवला, म्हणजे रेघ सगळीकडून एका उंचीवर येते. टेप लावला, वरचा भाग कागदानं झाकला, खालचा लाल मारला. टेप ओलेपणीच, मागं दुमडून, सावकाश ओढून काढला. लाल आणि पांढऱ्याच्या मधली ती धार अशी आली, की मालक लिंबाखालून उठून दारापर्यंत आले आणि डॉक्टरची आठवण होऊन परत गेले.

क्लिअर मारायच्या आधी शेडभर पाणी शिंपडलं, म्हणजे धूळ खाली बसते. कॉम्प्रेसरमधलं पाणी सोडून दिलं. तोंडाला मोठा मास्क बांधला. क्लिअर दोन भाग, हार्डनर एक भाग. पहिला हात हलका, नुसता चिकट होईल एवढा. पंधरा मिनिटं थांबायचं. दुसरा ओला. गन एका अंतरावर, हात एका चालीत, थांबायचं नाही, मागं फिरायचं नाही. ती चार फुटांची वस्तू मी टोकापासून शेपटापर्यंत चालत रंगवली. ओल्या क्लिअरचा तो पहिला क्षण असतो, रंगाला खोली येते, लाल आतून पेटल्यासारखा होतो. त्यासाठीच माणूस हा धंदा करतो. बाकी सगळी घासाघाशी.

पाच वाजता साहेब आले. होडी दांडीवर उलटी टांगली होती. तिच्या अंगात शेडचा पत्रा, दार, दारातला लिंब आणि त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. ते बराच वेळ बघत राहिले.

"पुण्यातसुद्धा असं झालं नसतं," ते म्हणाले. हे त्यांनी मनापासून म्हटलं, एवढं कबूल करते.

मी मास्क काढला. "सुलामावशीला वळखलं व्हतं ना तुमी?"

ते होडीकडंच बघत बोलले, हळू, समजावल्यासारखं. "तुम्हाला नाही कळायचं. एकाला ओळख दिली की दहा येतात. पोराला नोकरी लावा, दवाखान्यात ओळख काढा. गाव सोडून पस्तीस वर्षं झाली. आता कुठं सगळ्यांना पुरा पडू?"

"तिनं काय मागितलं?"

"आज नाही मागितलं."

यावर माझ्याकडं शिव्याच होत्या, पण त्या गिऱ्हाइकाला द्यायच्या नसतात.

"होडी हितंच राहू द्या," मी म्हटलं. "येलदरीला जाताना रस्त्यातच हाय. सकाळी उचला."

"नाही, मला आतलं सगळं बसवायचंय."

"मग नीट आयका. वरून वाळलंय, आतून कच्चं हाय. उघडी ठिवा. तळाला दोन ठोकळे लावा, बास. वर कापड टाकू नका, कागद टाकू नका, कायबी टाकू नका. धूळ बसली तर बसू द्या, धूळ पुसता येतीय."

"हो, हो," साहेब म्हणाले. ज्या 'हो'मध्ये ऐकणं नसतं तसलं.

रविवारी भुजंगनं रंगवलेली जीप काढली. जीप चालवूनही बघू आणि होडीही बघू, म्हणून मला आणि मालकांना घेतलं. मागच्या सीटवर सुलाबाई होती. तिला येऊ नको असं कसं म्हणणार? तिनं धरण बघितलं नव्हतं.

धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. पाच-सहा माणसं, टोप्या, गॉगल, प्रत्येकाची आपापली होडी स्टँडवर मांडलेली. मासे धरणारे चार जण आपली जाळी बाजूला ठेवून बघायला आले होते. साहेब पांढरे बूट घालून मधे उभे होते. आम्हाला बघितल्यावर त्यांनी मान दुसरीकडं फिरवली.

मी होडीजवळ गेले. उजवी बाजू काल होती तशीच, आरसा. मग मी पलीकडून बघितलं. डाव्या अंगावर, मधोमध, दीड वीत जागेत, बारीक उभ्या-आडव्या धाग्यांचे ठसे उठले होते. कच्च्या क्लिअरवर कापड दाबून बसलं की जसे उठतात तसे.

पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ तिथंच वाकून बघत होते. "रामप्रसाद, हे काय झालं?"

"काय करणार," साहेब म्हणाले. "इकडं धड कारागीर नाहीत. निम्मं तर मीच हातानं केलंय. तीन दिवस घासत बसलो होतो."

"पण काम उत्तम आहे," दाढीवाले म्हणाले. "ही पाण्याची रेघ बघा. क्लिअर मारणाऱ्याचा हात फार चांगला आहे. हे ठसे नंतरचे आहेत. ओल्यावर काही टाकलं होतंत का?"

"टॉवेल टाकला असंल," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"क्लिअर म्या मारलंय. साहेब, वर काय टाकलं व्हतं?"

साहेबांच्या मानेला घाम आला होता. "रात्री धूळ फार होती. म्हणून... तुम्ही सांगायला पाहिजे होतं ना, की टाकू नका."

"म्या सांगितलं न्हाई?"

"नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाही."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. तीन दिवसांपूर्वी मास्क तरी होता. मी वाद घातला नाही. ज्यानं आईच्या मैत्रिणीला ओळख नाकारली, तो एका वाक्याला किती वेळ ओळख देणार? दाढीवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं आणि चष्मा पुसत बाजूला झाले. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. नंतर त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला. अजून त्यांचा फोन आलेला नाही, आणि मी वाटही बघत नाही.

होडी पाण्यात मात्र सुरेख चालली. पन्नास हातांवर गेल्यावर कुठले ठसे आणि कुठलं काय. पांढरी, खाली लाल, पाणी दोन्हीकडं कापत वळण घेऊन यायची तेव्हा मासेवालेही "वा!" म्हणायचे. मी नको म्हणता म्हणता बघत राहिले.

आणि सुलाबाई त्या मासेवाल्यांच्या शेजारी जाऊन उभी होती. हळूच, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिनं एकाला सांगितलेलं मी ऐकलं. "आमच्या गावाकडचं पोरगं हाय ते. त्याच्या मायनं लय कष्टानं शिकवलं. वळख दाखवत न्हाई, पर हाय आमचंच."

"मावशी," मी तिला म्हटलं, "कशाला सांगायलीस?"

"त्याला न्हाई सांगत मी," ती म्हणाली. "ह्यास्नी सांगायले."

सोमवारी सकाळी साहेब शेडवर आले. होडी डिकीत. या वेळी सरळ माझ्याकडं आले.

"ते ठसे निघतील का?"

"निघतील. दोन हजार नंबरच्या कागदानं पाणी सोडत घासायचं, मग पॉलिश. अर्ध्या तासाचं काम हाय."

"मग करून टाका."

"न्हाई."

"म्हणजे?"

"तुमचं काम म्या करत न्हाई. परभणीला न्या, पुण्याला न्या. कसं करायचं ते सांगितलंय. या येळंला मालकबी ऐकायलेत, सांगितलं न्हाई म्हणू नका."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुमच्यासारख्या लोकांना चांगली माणसं टिकवता येत नाहीत. म्हणून हा भाग मागं राहिलाय."

मी गन धुवायला घेतली. ते मालकांकडं गेले, काहीतरी बोलले, मालकांना खोकला आला. गाडी गेली.

"एवढं तोडून बोलायचं नस्तंय गिऱ्हाइकाला," मालक म्हणाले. पण दुपारी त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा सांगितला, आणि तोही भज्यांसोबत.

महिन्याभरानं भुजंग एका दुकानाचं फर्निचर पोचवायला साहेबांच्या बंगल्यात गेला होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढून आणला. हॉलमध्ये काचेचं कपाट केलंय. आत 'पूर्णा' ठेवली आहे, डावं अंग भिंतीकडं करून. खाली पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर कोरलंय: रचना, बांधणी व रंगकाम, आणि पुढं साहेबांचं नाव, आडनावासकट.

"बघा वैनी," भुजंग चिडून म्हणाला, "रंगकाम म्हणतोय! तुमी जाऊन इचारा त्याला."

मी फोटो मोठा करून बघितला. पाण्याची रेघ सरळ होती.

"राहू दे," मी म्हटलं. "टॉवेलाचे ठसे उठलेलं काम माज्या नावावर कशाला पायजे?"

आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला प्रायमर मारायचा होता, तो मारायला घेतला.